भावाला न्यू जर्सीत ड्रग कोर्ट मिळतंय, त्याने ते घ्यावं का?

तुम्ही लिहिलंय त्यावरून एवढं कळलं: धाकटा भाऊ न्यू जर्सीत, ग्रीन कार्डवर. खिशात फेंटानिलच्या (अफूच्या जातीचा, पण फार जहाल अमली पदार्थ) पुड्या सापडल्या, गुन्हा पहिलाच. रिहॅबमधून आल्यापासून ब्युप्रेनॉर्फिनवर (अशा व्यसनाची तलफ आवरणारं औषध) नीट चाललंय, आणि वकील म्हणतोय ड्रग कोर्ट घे, म्हणजे तुरुंगाऐवजी कोर्टाच्या देखरेखीखाली उपचार. मी याच राज्यात व्यसनमुक्ती समुपदेशक आहे. माझ्याकडे येणारे बरेच जण त्या कोर्टाच्या देखरेखीखाली असतात. ड्रग कोर्टाबद्दल माझं मत चांगलंच आहे. तरीही तुमच्या भावाने घाईने हो म्हणू नये.

अडचण ग्रीन कार्डाची आहे. न्यू जर्सीतलं हे कोर्ट (२०२२पासून नाव रिकव्हरी कोर्ट) आधी गुन्हा कबूल करायला लावतं आणि मग प्रोबेशनवर, म्हणजे तुरुंगाबाहेर पण देखरेखीखाली ठेवून उपचार करून घेतं. सगळं पार पडलं तर राज्याच्या दप्तरातून गुन्हा पुसूनही मिळतो. इमिग्रेशनवाले मात्र ते पुसणं मानत नाहीत. कबुली दिली आणि कोर्टाने कसलंही बंधन घातलं, की त्यांच्या लेखी माणूस दोषी ठरला. अमली पदार्थाच्या गुन्ह्यासाठी ग्रीन कार्डवाल्याला हद्दपार करता येतं. सूट आहे ती स्वतःसाठी बाळगलेल्या ३० ग्रॅमपर्यंतच्या गांजाला, तीही एकदाच. म्हणजे कार्यक्रम इमानदारीत पुरा करायचा, जजच्या हातून सर्टिफिकेट घ्यायचं, आणि पुढे कधीतरी भारतातून परतताना विमानतळावर अडकायचं. हद्दपारीचा धोका अशिलाला सांगणं हे फौजदारी वकिलाचं कामच आहे, असं अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाने २०१० साली पडिला विरुद्ध केंटकी खटल्यात बजावलंय. त्यामुळे त्याला खुशाल विचारा. शिवाय सही करण्याआधी इमिग्रेशनच्या वकिलाला कागद दाखवा.

पहिल्या गुन्ह्याला पीटीआय (प्रीट्रायल इंटरव्हेन्शन, म्हणजे खटला बाजूला ठेवून आरोपीला काही काळ देखरेखीखाली ठेवणं) मिळू शकतं. त्यात सहसा कबुली द्यावी लागत नाही, मुदत जास्तीत जास्त ३ वर्षं, आणि नीट पार पडलं तर खटलाच रद्द होतो. ते मागितलं होतं का, हे तुमच्या प्रश्नात कुठेच नाही.

भाऊ अमेरिकन नागरिक असता तरी मी थोडा थांबलो असतो. १९८९ साली मायामीत पहिलं ड्रग कोर्ट निघालं, ते कोकेनपायी पुन्हापुन्हा आत येणाऱ्या आरोपींमुळे. आजही ते ज्याचं व्यसन जुनं आहे, सुटण्याचे प्रयत्न फसलेत आणि समोर खरोखरचा तुरुंग आहे, अशा माणसालाच मानवतं. शिकलेला, घरचा आधार असलेला मुलगा तिथे सहज तरून जाईल असं आपल्याला वाटतं. पण त्याला मुरलेल्या लोकांत बसवलं तर उलट बिघडू शकतो, हे ड्रग कोर्टवाले स्वतःच सांगतात. आणि पहिल्यांदा थोडा माल बाळगल्याबद्दल इथे सहसा तुरुंग होतही नाही. मग ५ वर्षांपर्यंतचं प्रोबेशन कशाच्या बदल्यात घ्यायचं?

जाच कमी नसतो. सुरुवातीला सारखं भर कोर्टात उभं राहायचं, लघवीची तपासणी कधीही, चुकलं तर दोनचार दिवस कोठडी, राज्याबाहेर जायचं तर आधी परवानगी घ्यायची. दारूही बंद. खसखससुद्धा चालत नाही, कारण तपासणीत अफू दिसते. दिवाळीत अनारसे पाठवणाऱ्या आयांना मी हे दरवर्षी समजावतो. पण आईला, बायकोला आणि मलाही बिनदिक्कत थापा मारणारी माणसं त्या जजसमोर खरं बोलायला लागलेली मी पाहिली आहेत. म्हणून ज्याला ते खरंच हवंय त्याला मी कधी अडवत नाही.

ब्युप्रेनॉर्फिन मात्र कोणाच्याही सांगण्यावरून सोडू नका. केंद्र सरकारचं अनुदान घेणाऱ्या ड्रग कोर्टाला तशी अटच घालता येत नाही. औषध सुटलं, शरीराची सवय मोडली आणि मग फेंटानिलचा जुनाच डोस घेतला, तर माणूस दगावतो.

पीटीआय नाकारलं गेलं आणि इमिग्रेशनच्या वकिलानेही हिरवा कंदील दिला, तर भावाला एका सकाळी त्या कोर्टात मागच्या बाकावर बसून यायला सांगा. सुनावणी उघडी असते. तपासणीत सापडलेल्या माणसाशी तिथले जज कसे बोलतात, ते त्याने स्वतः ऐकावं आणि मग वकिलाला उत्तर द्यावं.