वर्गत्रिपदीचे अवयव: जोडी सापडत नाही तेव्हा

प्रश्न : क्ष² + ७क्ष + १२ चे अवयव लगेच पडतात. पण ६क्ष² − ११क्ष − १० साठी गुणाकार −१० आणि बेरीज −११ येईल अशी जोडीच मिळत नाही. हिला अवयव नाहीत असे समजायचे का?

उत्तर : अवयव आहेत, फक्त जोडी चुकीच्या गुणाकारासाठी शोधली गेली. क्ष² चा सहगुणक १ नसेल तर तो सहगुणक आणि स्थिरपद यांचा गुणाकार घ्यायचा. इथे ६ × (−१०) = −६०.

असे का, हे कळले की नियम पाठ करावा लागत नाही. (२क्ष − ५)(३क्ष + २) गुणून पाहा. मधली दोन पदे ४क्ष आणि −१५क्ष येतात. ४ म्हणजे २ × २, −१५ म्हणजे (−५) × ३. याच चार संख्यांपासून ६ आणि −१० तयार झाले आहेत, म्हणून दोन्हीकडचा गुणाकार एकच, −६०.

गुणाकार ऋण असल्याने चिन्हे वेगळी, म्हणजे फरक ११ हवा: १ व ६०, २ व ३०, ३ व २०, ४ व १५. शेवटची जोडी जमते. बेरीज ऋण आहे, तेव्हा ऋण चिन्ह मोठ्या संख्येला.

६क्ष² + ४क्ष − १५क्ष − १०
= २क्ष(३क्ष + २) − ५(३क्ष + २)
= (३क्ष + २)(२क्ष − ५)

सर्वाधिक चुका दुसऱ्या ओळीत होतात. −५ बाहेर काढताना कंसात −२ लिहिले जाते. दोन्ही कंस तंतोतंत सारखे नसतील तर पुढे जाऊच नका, चिन्ह तपासा.

जोडी सापडेना, तर मधल्या सहगुणकाच्या वर्गातून त्या गुणाकाराची चौपट वजा करा: १२१ + २४० = ३६१, म्हणजे १९ चा वर्ग. १९ हा जोडीतल्या संख्यांमधला फरक. बेरीज −११, फरक १९, म्हणून संख्या ४ आणि −१५. चाचपडणे संपले! २क्ष² + ३क्ष − ४ साठी मात्र ४१ येतात. तो पूर्ण वर्ग नाही, त्यामुळे पूर्णांक सहगुणकांचे अवयव पडणार नाहीत.

प्रश्न : १२क्ष² − २२क्ष − २० = (४क्ष − १०)(३क्ष + २). गुणाकार बरोबर येतो, तरी गुण का कापले?

उत्तर : ४क्ष − १० मध्ये २ अजून सामाईक आहे, म्हणजे अवयव पूर्ण पाडलेले नाहीत. उत्तर २(२क्ष − ५)(३क्ष + २). सामाईक संख्या सुरुवातीलाच काढली असती, तर जोडी −२४० ऐवजी −६० साठी शोधावी लागली असती. समीकरणात दोन्ही बाजूंना २ ने भागून तो सोडता येतो. राशीत मात्र तो बाहेर लिहावाच लागतो.