स्टेशनातलं घर घ्या, पण पुण्याचा फ्लॅट विकल्यावरच

प्रश्न: आम्ही दोघं आणि दोन मुलं लीड्समध्ये भाड्याने राहतो. यॉर्कशरच्या एका खेड्यात बंद पडलेल्या रेल्वे स्टेशनचं केलेलं घर ५ लाख पौंडांना मिळतंय. ग्रेड टू लिस्टेड, म्हणजे जतन करायच्या इमारतींच्या सरकारी यादीत आहे. शिल्लक १ लाख १० हजार. त्यातले ५० हजार भरून बाकीचं कर्ज काढू. इथलं पहिलंच घर, म्हणून स्टॅम्प ड्युटी १० हजार धरली आहे. यांच्या नावावर पुण्यात फ्लॅट आहे, साधारण ९० हजार पौंडांचा. तो राहू द्यायचा आहे. घ्यावं का?

उत्तर: घर घ्यावं असं मलाही वाटतं. प्लॅटफॉर्मवर मुलं खेळतील हे तुम्ही ज्या आनंदाने लिहिलंय, तो मी हिशेबात धरतो. पण तुमचा स्टॅम्प ड्युटीचा आकडा चुकला आहे आणि सगळं गणित तिथेच फिरतं.

पहिल्या घराची सवलत मिळायला आजवर जगात कुठेही स्वतःचं घर झालेलं नसावं लागतं. पुण्याचा फ्लॅट त्यात मोजला जातो. शिवाय ४० हजार पौंडांहून महाग घर कुठल्याही देशात असेल, तर इंग्लंडमध्ये नव्या घराच्या पूर्ण किमतीवर ५ टक्के जादा ड्युटी लागते. म्हणजे नेहमीचे १५ हजार अधिक २५ हजार, एकूण ४० हजार. घर फक्त तुमच्या नावावर घेऊनही सुटका नाही, कारण यात नवरा-बायको एकच धरले जातात. डाउन पेमेंट आणि ड्युटी भरून तुमच्याकडे २० हजार उरतात.

अशा घराला २० हजार पुरणार नाहीत. स्लेटचं छप्पर, लाकडी खिडक्या, प्लॅटफॉर्मवरचं छत यांना हात लावायचा तर बहुतेक कामांना लिस्टेड बिल्डिंगची परवानगी लागते, आणि दुरुस्तीवर २० टक्के व्हॅट. मंजूर बदलांवरची व्हॅटमाफी १ ऑक्टोबर २०१२ पासून बंद झाली. आधीच्या मालकाने विनापरवाना बदल केले असतील, तर ते पूर्ववत करण्याची नोटीस तुमच्या हातात पडू शकते. म्हणून स्टेशनाचं घर करताना घेतलेल्या परवानग्यांचे कागद आधी मागा आणि लेव्हल थ्री सर्व्हे, म्हणजे घराची सर्वांत सखोल तपासणी, करून घ्या. खेड्यात सेप्टिक टँक असेल तर त्याचं पाणी थेट ओढ्यात सोडायला २०२० पासून मनाई आहे. टाकी बदलायचा खर्च विकणाऱ्याच्या गळ्यात घाला.

रुळांची जमीन कोणाची, जवळच्या पुलाची आणि कुंपणाची जबाबदारी कोणावर, हे सॉलिसिटरने जुन्या खरेदीखतातून शोधायला हवं. ब्रिटिश रेल्वेच्या १९६३ च्या बीचिंग अहवालाने २ हजारांहून जास्त स्टेशनं बंद करायची शिफारस केली. तुमच्यासारखी घरं मुख्यतः त्या काळातली. पण बंद मार्ग परत सुरूही होतात. उत्तर इंग्लंडमधल्या ॲशिंग्टनची प्रवासी गाडी १९६४ मध्ये थांबली आणि डिसेंबर २०२४ मध्ये पुन्हा धावली. तुमच्या मार्गाचं काही घाटतंय का, हे कौन्सिलला विचारा.

आता पुणे. कंप्लिशनच्या, म्हणजे घर नावावर होऊन ताब्यात येण्याच्या, दिवसाआधी फ्लॅट विकलात तर ड्युटी १५ हजारांवर येते. नंतर विकून ते २५ हजार परत मिळत नाहीत, कारण तुम्ही राहतं घर बदलत नाही आहात. दोन्ही देशांतला कर जाऊन विक्रीचे ७५ हजार हातात येतील असं धरा. त्यातले ५० हजार डाउन पेमेंटमध्ये घाला: कर्ज साडेचार लाखांवरून चार लाखांवर येईल आणि व्याजदरही बहुधा कमी मिळेल. एवढं करून आणि १५ हजार ड्युटी भरून ७० हजार उरतात. ४० हजार घराच्या कामांना, बाकीचे अडीअडचणीला. एनआरआयच्या विक्रीवर टीडीएस मोठा कापला जातो, म्हणून कमी कपातीचं प्रमाणपत्र आधीच काढा. या सगळ्याला महिने लागतात. विकणाऱ्याला हे आत्ताच सांगून कंप्लिशनची तारीख लांबची ठरवा.

तो फ्लॅट म्हणजे तुमची परतीची वाट असेल, तर विकू नका असंच मी सांगेन. मग मात्र हे घर सोडा आणि लीड्सजवळ कमी दुरुस्तीचं, स्वस्त घर बघा. जादा ड्युटी तिथेही लागेल, पण ती कमी रकमेवर.