चिलापी की तिलापिया?

सोलापूरच्या एका वार्ताहर मैत्रिणीचा प्रश्न: उजनी धरणातल्या मासेमारीवरच्या बातमीत तिनं माशाचं नाव ‘चिलापी’ लिहिलं, डेस्कवर त्याचं ‘तिलापिया’ झालं. ‘चिलापी’ अशुद्ध आहे का?

मुळीच नाही. ज्या उजनीचं पाणी आमच्या नळाला (येईल तेव्हा) येतं, तिथला मच्छीमार, बाजारात खवले काढून देणारी मावशी आणि गिऱ्हाईक, तिघांच्याही तोंडी ‘चिलापी’च. ‘चिलापी ताजी हाय का?’ असा स्त्रीलिंगी चालवलेला शब्द परका कसा म्हणायचा? ‘त’ला इ किंवा य चिकटला की जीभ टाळूकडे ओढ घेते. सत्याचं ‘साच’, नृत्याचं ‘नाच’ त्याच ओढीनं झालं. बंगाल्यांनी ‘तेलापिया’ केलं, तमिळांनी तर थेट ‘जिलेबी’!

खरी गंमत पुढेच. अँड्र्यू स्मिथ या स्कॉटिश प्राणिशास्त्रज्ञानं १८४० साली ‘तिलापिया’ हे नाव ठेवलं, ते आफ्रिकेच्या दक्षिणेकडच्या त्स्वाना भाषेतल्या ‘मासा’ या अर्थाच्या शब्दावरून. त्याचा उच्चार साधारण ‘त्लापी’. म्हणजे लॅटिन वळणाच्या तिलापियापेक्षा आपली चिलापीच माहेराला जवळची. योगायोगच, पण झकास.

डेस्कला शास्त्रीय काटेकोरपणा हवा असेल, तर तिलापियानं तोही साधत नाही. १९५२ साली भारतात आलेला मोझांबिकचा मासा आणि मागाहून आलेला नाईलचा, दोघांनाही शास्त्रज्ञांनी तिलापिया प्रजातीतून काढून ओरिओक्रोमिसमध्ये केव्हाच घातलंय. देशोदेशींची मासळीची आकडेवारी जुळवणारी एफएओ ही संयुक्त राष्ट्रांची संघटना म्हणून तर शास्त्रीय नाव आणि तीन अक्षरी संकेत वापरते. नुसत्या ‘चिलापी’वरून मोझांबिकची की नाईलची, हे तिच्या रोमच्या कचेरीत कळायचं कसं? तेव्हा संशोधनाच्या अहवालात शास्त्रीय नाव द्यावं, बातमीत बिनधास्त चिलापी.

‘गिफ्ट तिलापिया’ला मात्र हात लावू नये. इजिप्त, घाना, केनिया आणि सेनेगलमधून नाईल तिलापिया आणून, नॉर्वेच्या संशोधकांच्या साथीनं फिलिपिन्समध्ये निवड पद्धतीनं हा वाण घडवला. काम सुरू झालं १९८८मध्ये. यातलं ‘गिफ्ट’ म्हणजे ‘जेनेटिकली इम्प्रूव्ह्ड फार्म्ड तिलापिया’ची आद्याक्षरं. उत्साहाच्या भरात कुणी त्याचं ‘भेट चिलापी’ केलं, तर शेततळ्यासाठी मत्स्यबीज घ्यायला गेलेला शेतकरी एकावर एक फुकट मागेल.