हात उचलला नाही, म्हणून काय झालं?

प्रश्न : बारावी कला शाखेत ७८ टक्के मिळाले. लॉची सीईटी दिली आहे, पुण्याला पाच वर्षांचा कोर्स करायचा आहे. बाबा म्हणतात, तालुक्यातच बी.ए. कर, पुण्याला गेलीस तर आईची नोकरी बंद. आई शिक्षिका आहे. तिचं एटीएम कार्ड बाबांकडे असतं. शाळेत पोचल्यावर व्हिडिओ कॉल करून वर्ग दाखवावा लागतो. दोन वर्षांत ती माहेरी गेलेली नाही. पण बाबांनी कधी हात उचललेला नाही. आधी बी.ए. आणि मग लॉ केलं तर चालेल का?

उत्तर : चालेल. पदवीनंतर तीन वर्षांचं लॉ असतंच. पण तुझं पत्र मी दोनदा वाचलं आणि दोन्ही वेळा त्या ‘पण’पाशी अडकले.

२००५ चा कौटुंबिक हिंसाचाराचा कायदा मारहाणीपुरताच, हा समज वकिलीला निघालेल्या मुलीचाही असावा? कलम ३ मध्ये शारीरिक नि लैंगिक छळाच्या बरोबरीनं शाब्दिक-भावनिक आणि आर्थिक छळही आहे. या कायद्याखाली नेमलेले संरक्षण अधिकारी जो घटना अहवाल भरतात, त्याच्या नमुन्यात पगार काढून घेणं, नोकरी करू न देणं, कुणाला भेटू न देणं हे सगळं छापलेलं आहे. तुझं पत्र म्हणजे जवळपास तो भरलेला अहवालच आहे. इंग्लंडमध्ये अशा सततच्या धाकाला २०१५ पासून स्वतंत्र गुन्हा मानतात, पाच वर्षांपर्यंत कैद होते. आपल्याकडे तसा वेगळा गुन्हा नाही. दंडाधिकारी आधी संरक्षण आदेश, म्हणजे छळ थांबवण्याचा हुकूम देतात, तो मोडणं हा गुन्हा. आणि घर बाबांच्या नावावर असलं तरी त्यांच्या मनात आलं म्हणून आईला बाहेर काढता येत नाही.

आईच्या वतीनं निर्णय मात्र तू घेऊ नकोस. तिला शाळेत गाठ आणि एवढं सांग. महिला हेल्पलाइन १८१ आहे, जिल्ह्याला छळ सोसणाऱ्या बायकांना एकाच जागी मदत देणारं सखी वन स्टॉप सेंटर आहे, मोफत वकिलासाठी बायकांना उत्पन्नाची अट नाही. फोन घरातल्या मोबाइलवरून नको. वर्ग बघणारा माणूस कॉलची यादीही बघत असणार.

राहिला प्रवेश. आईची राखण करायला घरी थांबणं हा काही बी.ए.चा विषय नाही. नोकरीच्या धमकीचं म्हणशील, तर राजीनाम्यावर सही आईची लागते. कॅपचा, म्हणजे लॉच्या केंद्रीभूत प्रवेश प्रक्रियेचा फॉर्म भर, आणि ओटीपीसाठी बाबांचा नंबर देऊ नकोस.