चार मीटरच्या खोलीत

प्रिय मुली,

तुझं पत्र दोनदा वाचलं. मैत्रिणींना आख्खे किल्ले मिळाले, भांडारं, स्नानगृहं, देवळं मिळाली, आणि प्रबंधासाठी तुझ्या वाट्याला हेड्रियनच्या भिंतीवरचे, म्हणजे उत्तर इंग्लंडातल्या रोमन सरहद्दीच्या तटावरचे, टेहळणीचे बुरूज आले, म्हणून तू हिरमुसली आहेस. मला मात्र तुझा हेवा वाटला. किल्ल्यात दोन-अडीचशे वर्षांची मोडतोड एकमेकांत इतकी मिसळते की एका भिंतीचा मालक शोधता शोधता विद्यार्थी थकतो. बुरूज म्हणजे आतून जेमतेम चार मीटर लांब-रुंद अशी एक खोली. एक दार, एक चूल, वर जायची शिडी. इतक्या लहान जागेत एखादा दगड हलला तरी कळतो.

आधी एक सवय लावून घे. बुरुजापाशी पोहोचलीस की उत्तरेकडे पाहू नकोस. सगळे पाहतात, मीही पाहिलं होतं. ते माळ, ते ढग, ते कडे पाहिले की माणूस लगेच रोमन शिपाई होतो आणि त्याच्या डोळ्यांनी शत्रू शोधायला लागतो. त्यात तास जातो आणि हाती काही लागत नाही. तू भिंतीकडे तोंड कर. बुरूज आणि तट जिथे भेटतात तो सांधा शोध.

ब्रंटनचा बुरूज, म्हणजे २६ ब, पहिल्यांदा पाहा. (क्रमांकाची पद्धत ठाऊक असेलच: मैलामैलावरच्या छोट्या गढ्यांना पूर्वेकडून आकडे, आणि प्रत्येक गढीच्या पश्चिमेचे दोन बुरूज अ आणि ब.) तिथे बुरुजाच्या दोन्ही अंगांना तटाचे छोटे पंख काढून ठेवलेले दिसतील, दहा रोमन फूट रुंदीचे, म्हणजे सुमारे तीन मीटर. एका बाजूने येणारा तट मात्र त्याहून बारीक आहे. तो त्या रुंद पंखाला येऊन टेकतो आणि मध्ये पायरीसारखा खाचा राहतो. गवंड्यांनी बुरूज आधी बांधला, पुढे येणाऱ्या रुंद तटासाठी जागा सोडली, आणि तट येईपर्यंत वरून हुकूम बदलला. इ.स. १२२ च्या सुमारास सुरू झालेल्या, ८० रोमन मैलांच्या, म्हणजे सुमारे ११७ किलोमीटरच्या कामातला तो बदल कुठल्याही शिलालेखात सांगितलेला नाही. तो त्या खाच्यात आहे. मी तिथे हात ठेवून उभा राहिलो तेव्हा डोळ्यांत पाणी आलं होतं, हे तुला सांगायला मला संकोच वाटत नाही.

मग पश्चिमेला जा, अर्थिंग नदीच्या पलीकडे. तिथे तट सुरुवातीला दगडाचा नव्हता, गवताळ मातीचे थर रचून केलेला होता. बुरूज मात्र तेव्हाही दगडाचेच. बँक्स ईस्टला, ५२ अ वर, मागाहून आलेला दगडी तट बुरुजाला दोन्ही बाजूंनी नुसता चिकटलेला दिसेल. दगड एकमेकांत गुंफलेले नाहीत, सांधा सरळ उभा आहे. तिथून जवळच पाइक हिलचा अवशेष आहे. एकोणिसाव्या शतकात रस्त्याच्या कामात त्याचा बराचसा भाग गेला. जो कोपरा उरलाय तो तटाशी तिरका, पंचेचाळीस अंशांत उभा आहे. तो मनोरा तटाच्या आधीचा, म्हणून तटालाच वळून त्याच्याशी जुळवून घ्यावं लागलं. या तीन जागांवर तीन दिवस घालव, तीन तास नाही. प्रत्येक सांधा स्वतःच्या हाताने काढ. फोटो काढलास तरी काढ, कारण कॅमेरा सगळे दगड सारखेच पाहतो. कुठला दगड कुठल्यावर टेकलाय हे चित्र काढणाऱ्यालाच ठरवावं लागतं.

आता बुरुजांत सापडलेल्या वस्तूंच्या, संग्रहालयातल्या खोक्यांबद्दल. इथे तुला राग येणार आहे. ब्रंटनचा बुरूज तिथल्याच एका जमीनदाराने, जॉन क्लेटनने, १८७३ मध्ये मोकळा केला. त्या काळी मोकळा करणं म्हणजे भिंती दिसेपर्यंत माती उपसणं. जमिनीचे थर, चुलीभोवतीची राख, पाडापाडीचा ढिगारा, सगळं फावड्यावरून गेलं. पण क्लेटनला शिव्या देण्याआधी हे लक्षात ठेव की १७५० च्या दशकात लष्करी रस्त्यासाठी याच भिंतीचे दगड फोडून खाली अंथरले गेले होते. क्लेटनने १८३४ पासून जमिनी विकत घेतल्या नसत्या तर मधला बराच तट शेतांच्या बांधांत आणि गोठ्यांत गेला असता. त्याने थर घालवले आणि भिंत वाचवली. दोन्ही गोष्टी प्रबंधात लिही.

यातून पद्धतीचा एक धडा निघतो. जुन्या खोक्यात धान्य नाही, माशाचे काटे नाहीत, म्हणून पहारेकरी ते खात नव्हते असं लिहू नकोस. जे चाळलंच नाही ते खोक्यात येणार कुठून? कोणी खणलं, कधी खणलं, माती चाळली का, हे आधी तपास. आपल्याकडे पुरातत्त्वज्ञ हसमुख सांकळियांनी मॉर्टिमर व्हीलर या ब्रिटिश पुरातत्त्वज्ञाच्या हाताखाली इंग्लंडमध्ये मेडन कासल या प्राचीन डोंगरी किल्ल्याच्या उत्खननावर काम केलं आणि पुढे डेक्कन कॉलेजात थरांची शिस्त रुजवली. माझी पिढी त्या शिस्तीत वाढली, तूही त्याच घरातली आहेस.

खापरं मात्र भरपूर मिळतील, आणि तिथे घाई करू नकोस. डॉर्सेटहून, म्हणजे देशाच्या पार दक्षिण टोकाकडून, आलेली काळी, घासून चकचकीत केलेली मडकी तुला जवळजवळ प्रत्येक खोक्यात दिसतील. स्वयंपाकाचीच ती. त्यांच्या पोटावर आडव्या-तिडव्या रेघांची जाळी असते. दुसऱ्या शतकातल्या जाळीचे चौकट उभट, कोन लघु. तिसऱ्या शतकात कोन विशाल होतो, चौकट आडवे पसरतात, काठही बाहेर अधिक झुकतो. अंगठ्याएवढ्या तुकड्यावरूनही चूल कधी पेटलेली होती याचा अंदाज बांधता येतो. खडकाळ मधल्या भागातले कित्येक बुरूज दुसऱ्या शतकाच्या अखेरीस आणि तिसऱ्याच्या आरंभी बंद झाले, दार बुजवलं, पुढे खोली पाडून तटातली पोकळी दगडांनी भरून काढली. सरहद्द तिथेच होती, पहारा बदलला होता. त्या पहिल्या साठ-सत्तर वर्षांत या खोल्यांत काय शिजत होतं, हा प्रश्न तू धर. मला तो बुरुजाच्या उंचीपेक्षा फार मोठा वाटतो.

उंचीवर तुझ्याशी वाद घालणारे भेटतील. छप्पर उतरतं होतं की सपाट, सज्जा होता की नव्हता. रोममधल्या ट्राजनच्या स्तंभावर डॅन्यूबकाठचे मनोरे कोरलेत, सज्जा आणि बाहेर काढलेल्या मशालीसकट, आणि लोक तेच चित्र उचलून इंग्लंडात बसवतात. पण या भिंतीवर एकाही बुरुजाचा वरचा मजला आज उभा नाही. व्हिंडोलँडाला, भिंतीजवळच्या रोमन किल्ल्याच्या जागी, १९७० च्या दशकात बांधलेली बुरुजाची प्रतिकृती जरूर पाहा, जिने चढून जा, पण तिचा फोटो पुरावा म्हणून वापरू नकोस.

त्यापेक्षा पील गॅप नावाच्या खिंडीत जा. ३९ अ आणि ३९ ब यांच्यामधलं अंतर नेहमीपेक्षा जास्त आहे, आणि १९८६ मध्ये तिथे, कुणाच्या हिशेबात नसलेला, एक जादा मनोरा सापडला. तटात गुंफलेला नाही, मागून टेकवलेला. आणि आहे कुठे? कड्यावर नाही, खिंडीच्या तळाशी. लांबवर नजर टाकायची असती तर शेजारीच उंच कडा होता. मला वाटतं, ज्याने ती जागा निवडली त्याला क्षितिजाची काळजी नव्हती, खिंडीतून वर येणाऱ्या माणसाची होती. तुला वेगळं वाटलं तर कारणांसह लिहून कळव, मला आवडेल.

पावसाचे बूट चांगले घे, वारा कानात जातो म्हणून टोपी घे. आणि पहिलं रेखाटन पाठव, ब्रंटनच्या त्या खाच्याचं. प्रमाण एकास दहा असू दे. दगडांच्या थरांना क्रमांक खालून वर दे.

तुझे सर