'भाडोत्री माता' म्हणू नका

प्रश्न असा: मोबदला घेऊन सरोगेट (दुसऱ्यांसाठी त्यांचं मूल आपल्या पोटात वाढवणारी बाई) होण्याच्या कायदेशीर अटी शोधताना बातम्यांत सगळीकडे 'भाडोत्री माता' दिसतं, हा शब्द बरोबर आहे का?

नाही. आणि तो दिसला की दरवेळी चीड येते. मराठीत भाडोत्री असतात ते तट्टू आणि मारेकरी. संस्कृत 'भाटक'पासून 'भाडे' आलं, इतकं सगळेच सांगतात. पण शेजारीच 'भाटि' आहे: वेश्येची कमाई. आपली 'भाड' तीच, 'भाडखाऊ' ही शिवीही तिथलीच. हा डाग त्या बाईला कशाला?

शिवाय तो शब्द खोटाही आहे. भारतात २०२१च्या कायद्याने पैसे घेऊन सरोगसी करायला बंदी आहे. असा व्यवहार चालवणाऱ्याला १० वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. सरोगेट बाईला मिळतो तो औषधोपचाराचा आणि नियमांत ठरलेला खर्च, आणि ३६ महिन्यांचा विमा. ती विवाहित किंवा पूर्वी विवाह झालेली, स्वतःचं मूल असलेली, २५ ते ३५ वयाची हवी. स्त्रीबीज तिचं चालत नाही आणि आयुष्यात एकदाच सरोगेट होता येतं. भाडं आहे कुठे यात?

आता 'सरोगेट'कडे या, खरी गंमत तिथे आहे. लॅटिन 'रोगारे' म्हणजे विचारणं. प्राचीन रोमचा कॉन्सल, म्हणजे निवडून आलेला सर्वोच्च अधिकारी, मुदतीआधी वारला की सभेला विचारून त्याच्या जागी दुसरा निवडत, ते 'सब्रोगारे'. त्यावरून इंग्लंडात बिशपचा प्रतिनिधी सरोगेट झाला, आणि न्यूयॉर्कात आजही मृत्युपत्रं पाहणारं न्यायालय 'सरोगेट्स कोर्ट' आहे. मूल, गर्भ, पैसा यांचा त्या शब्दात मागमूस नाही. आहे ते विचारणं. आपला कायदाही तिला 'विलिंग वुमन', म्हणजे राजी असलेली बाई म्हणतो! दोन हजार वर्षांनी शब्द आपल्या मुळाशी आला, असं मी मानतो.

'पर्यायी माता' सुचवणाऱ्या कोशकारांशी माझं मुळीच जमत नाही. मुख्य रस्ता खणला की पर्यायी रस्ता देतात. आई तशी देतात का? आणि 'स्थानापन्न माता' कुठल्या घरात कोण बोलेल?

आपल्याकडे शब्द घडवण्याची वाट तयार आहे. शंभूराजांना पाजणाऱ्या कापूरहोळच्या धाराऊला आपण दूधआई म्हणतो. दूध देणारी दूधआई, तशी कूस देणारी कूसआई. तिला विचारलं, ती हो म्हणाली, नऊ महिने तिनं वाढवलं. कूसआईच म्हणा.