रजा संपतेय, पाळणाघर सुरू होतंय

प्रश्न : माझी 26 आठवड्यांची प्रसूती रजा तीन आठवड्यांनी संपतेय. आम्ही डोंबिवलीत राहतो, दोघांचीही ऑफिसं मुंबईत. बाळाला जवळच्या पाळणाघरात ठेवणार आहोत. नवरा म्हणतो, ‘तू सांगशील ते करीन.’ पण सुरुवात कुठून करू?

उत्तर : पाळणाघराचं खातं पूर्णपणे बाळाच्या बाबांकडे सोपवा. ‘सांगशील ते करीन’ म्हटलं की लक्षात ठेवायचं काम तुमच्याकडेच राहतं आणि माणूस दमतो तो त्यानेच. पाळणाघराच्या फॉर्मवर पहिला फोन नंबर त्यांचा घाला, म्हणजे ताप आला तर फोन आधी त्यांना जाईल. रोज रात्री पिशवीही त्यांनीच भरायची : तीन जोड कपडे, लंगोट किंवा डायपर, दुपटं, दूध. सुरुवातीला एखादी वस्तू राहील. राहू द्या. तुम्ही उठून पिशवी तपासू लागलात की ते काम पुन्हा तुमच्या अंगावर आलंच.

रजेतच बाळाला तिथे रुळवा. आधी दोन-तीन दिवस तासभर, तुम्ही शेजारी बसून. मग तेवढाच वेळ तुमच्याशिवाय, मग एक झोप होईपर्यंत, शेवटच्या आठवड्यात पूर्ण दिवस. एकदम दहा तास ठेवलं तर बाळ धड पीत नाही, धड झोपत नाही. आठव्या-नवव्या महिन्यात रुळलेलं बाळही सोडताना रडू लागतं. ते वयच तसं असतं, लगेच पाळणाघर बदलू नका.

काढलेलं दूध फ्रिजमध्ये आतल्या बाजूला चार दिवस टिकतं. दारात ठेवू नका, तिथे थंडावा कमी-जास्त होतो. पाळणाघरात बर्फाच्या पिशवीसोबत पाठवा. गरम पाण्यात भांडं धरून कोमट करायचं, मायक्रोवेव्हमध्ये नाही, कारण त्यात दूध मध्येच कुठेतरी कढत राहतं आणि बाळाचं तोंड भाजतं. उष्टं दूध परत ठेवायचं नाही. आतापासून रोज एक वेळ बाबांनी वाटी-चमच्याने किंवा बोंडल्याने पाजावं आणि तेव्हा तुम्ही दुसऱ्या खोलीत थांबा. आईचा वास आला की बाळ चमचा झिडकारतं.

बाळ 15 महिन्यांचं होईपर्यंत कायद्याने तुम्हाला दिवसातून दोन जादा सुट्ट्या मिळतात. दूध काढायला त्या वापरा. दिवसभर काढलं नाही तर छाती दाटते आणि दूधही कमी होत जातं. रुजू होण्याआधी एचआरला ईमेलने वेळा आणि दार बंद होणारी खोली मागा. 50 किंवा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनेत पाळणाघराची सोयही बंधनकारक आहे, पण गर्दीच्या लोकलने बाळाला रोज न्यायचं तर घराजवळचंच बरं.

लोकल रखडणार हे धरून चाला. पाळणाघर सातला बंद होत असेल तर शेजारच्या काकूंचं किंवा आजीचं नाव फोटोसह आधीच नोंदवा आणि एकदा खरोखर त्यांच्यासोबत बाळाला घरी आणवून पाहा.